खाण्याचं तेल

ताईस,

तू पाठवलेली आभाराची वही मिळाली. रोज तीन आभार लिहायचे, कुणाला तरी मदत करायची, की डोकं शांत राहतं म्हणे. वाचूनच किळस आली.

पण माझा रक्तदाब उतरेना, म्हणून काल शेजारच्या काकूंचं जाम झालेलं शिलाई मशीन फुकटात खोललं. आत काळा, चिकट थर आणि त्यात रुतलेले झुरळाचे पाय.

"काकू, कसलं तेल घातलंत?"

"स्वयंपाकातलंच. चांगलं महागातलं आहे हो!"

चार तास रॉकेलने खरवडलं. शेवटी चाक एका बोटाने फिरलं आणि माझ्या कपाळाची ठणक थांबली, हे खरं.

मग तुझं मशीन आठवलं. तुला वाटलं, जुनं होतं म्हणून बंद पडलं. त्यात खाण्याचं तेल मीच घातलं होतं. तेच खोलून खोलून मी मशीन दुरुस्तीचा कारागीर झालो आणि तुझं शिवण कायमचं सुटलं. वर जगाला सांगत फिरतो, मला कुणी शिकवलं नाही. काल खरी शिसारी मला माझीच आली.

वहीत पहिली ओळ तुझ्या नावाची लिहिली. हे पत्र मात्र टाकणार नाही. वहीचं विचारलंस तर सांगेन, असल्या भंपकपणाला मला वेळ नाही.

तुझ्याच मशीनवर शिकलेला,
भाऊ