चौक क्रमांक सातचे आळशी सेकंद

३ फेब्रुवारी, सोमवार
आज ठरवलं. यंदा ढाल आपली.
खात्यातले आम्ही सहा सिग्नल अधिकारी, प्रत्येकाचा एक चौक स्पर्धेत. ज्या चौकात गाड्यांना सरासरी सर्वांत कमी थांबावं लागतं त्या अधिकाऱ्याला ढाल, आणि ढालीमागून बढती. गेली चार वर्षं ढाल त्या चष्मेवाल्याच्या टेबलावर आहे. तो तिला रोज रुमालानं पुसतो. माझ्याकडे बघत पुसतो.
माझा चौक क्रमांक सात. दिवसभर अभ्यास केला आणि चोर सापडला. एका बाजूला लाल पडल्यावर लगेच दुसरीकडे हिरवा लागत नाही. मध्ये दोन सेकंद चारही बाजू लाल असतात. चौकात अडकलेली गाडी बाहेर पडावी म्हणून म्हणे. एका फेरीत असं चार वेळा. म्हणजे तासाला चार मिनिटं, दिवसाला दीड तास अख्खा चौक नुसता उभा. कोणी येत नाही, कोणी जात नाही. सरकारी पगार घेणाऱ्या माझ्यासारख्याला हे बघवत नाही.
संकल्प: १. आळशी सेकंद काढणे. २. रोज पहाटे चालायला जाणे. ३. बायकोवर न चिडणे.

४ फेब्रुवारी, सकाळी ११
चौकातली पेटी उघडून दोनाच्या जागी शून्य केलं. तीन मिनिटांचं काम.
वायरमन बरोबर होता. अठ्ठावीस वर्षं नोकरी, त्यामुळे त्याला वाटतं की त्याला कळतं. म्हणाला, साहेब, पिवळ्यात घुसलेला माणूस मधेच असतो, त्याला निघायला वेळ नको का. मी म्हटलं, पिवळ्यात घुसूच नये माणसानं. त्यावर त्यानं पेटीचं झाकण लावलं. म्हणजे पटलं असावं.
बदल-नोंदवहीत लिहू का, विचारत होता. प्रयोग आहे, प्रयोगाची नोंद नसते, असं सांगितलं. असा नियम असेलही.
चालायला गेलो नाही. काल झोप नीट लागली नव्हती.

११ फेब्रुवारी, मंगळवार
आठवड्यात सरासरी थांबा अकरा सेकंदांनी कमी! मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून चहा दिला. चष्मेवाल्याला नुसतंच बोलावलं.
दुपारी चौकात एक व्हॅन आणि एक स्कूटर. किरकोळ. स्कूटरवाल्याचं मनगट.
अपघात झाला की सिग्नल अधिकाऱ्यानं फॉर्म भरायचा असतो. ‘कारण’ या रकान्यात चार पर्याय: चालकाची घाई, पादचाऱ्याची चूक, हवामान, वाहनातील बिघाड. पाचवा पर्याय नाही. हा फॉर्म ज्यानं केला तो फार विचारी माणूस असला पाहिजे. ‘चालकाची घाई’वर खूण केली.

१९ फेब्रुवारी, बुधवार
आणखी तीन. लोकांना झालंय तरी काय?
स्वतः जाऊन कारणं शोधली. कोपऱ्यावरच्या जाहिरातीच्या फळीमुळे डावीकडचं दिसत नाही. बसवाले थांब्यावर न थांबता चौकातच थांबतात. संध्याकाळी पश्चिमेकडून येणाऱ्यांच्या डोळ्यांवर ऊन. डावीकडे वळणारे पायी माणसाकडे बघतच नाहीत आणि पायी माणूस मोबाइलशिवाय कशाकडे बघत नाही. एकूण नऊ कारणं निघाली. सगळी लिहून काढली. त्यात सिग्नल कुठेच नाही, याचं समाधान वाटलं.
वायरमन म्हणाला, ही सगळी कारणं गेल्या वर्षीही होती, साहेब. उचलली जीभ लावली टाळ्याला. वर्षागणिक घाई वाढते हे त्याला कोण सांगणार.
उपाय म्हणून मोठा बोर्ड सांगितला आहे. ‘घाई करू नका. घरी कोणी वाट पाहत आहे.’ मजकूर माझाच. ही म्हणाली, छान आहे. ही म्हणजे बायको. ती सहसा छान म्हणत नाही.

२६ फेब्रुवारी
बोर्ड लागला. उत्तम दिसतो. उत्तरेकडून येणाऱ्यांना त्याच्यामागचा सिग्नल दिसत नाही अशी तक्रार आली. बोर्ड वाचला असता तर हळू आले असते, आणि हळू आले असते तर पुढे येऊन सिग्नलही दिसला असता. तक्रारदाराला तसं कळवलं.

२ मार्च, रविवार
हिला चौकापलीकडच्या शाळेत नोकरी लागली. गणित शिकवणार. उद्यापासून स्कूटरनं जाणार.
तासभर मैदानात सराव घेतला. चालवते बरी, पण सिग्नलला भित्री. हिरवा लागल्यावरही डावीउजवीकडे बघत बसते. मी म्हटलं, अगं, हिरवा म्हणजे निघायचं, बाकीचं बघायला आम्ही आहोत. मागचे हॉर्न वाजवतात, लाज जाते. ती म्हणाली, तुम्ही म्हणताय तर निघत जाईन.
अलीकडे मी ऑफिसला बाजाराकडून जातो. पंधरा मिनिटं जास्त लागतात, पण तेवढीच मोकळी हवा. बाजारात मोकळी हवा कुठली, असं हिनं विचारलं. काही गोष्टी शास्त्रीय असतात, त्या समजावत बसत नाही.

१४ मार्च, शुक्रवार
आज एक निवृत्त पोस्टमास्तर. झेब्रावरूनच चालले होते. पायावरून चाक गेलं. चार पर्यायांतला दुसरा.
संध्याकाळी वायरमन घरी आला. घरी येण्याची त्याची पहिलीच वेळ. खुर्चीत बसला नाही. म्हणाला, साहेब, दोन सेकंद परत टाकू. चौकातला हवालदार मला विचारतो, मी काय सांगू. मी म्हटलं, अठ्ठावीसला ढालीची समिती चौक बघायला येतेय, एक एप्रिलला टाकू. शब्द दिला. शब्द दिल्यावर मन हलकं झालं. मी मुळात हळवा आहे.
हिनं विचारलं, कसले दोन सेकंद? ऑफिसचं आहे, म्हटलं.
रात्री विचार आला की हिला काही दिवस बाजाराकडून जायला सांगावं. पण कारण काय सांगणार. शिवाय तिकडे फार गर्दी. उद्या बघू.

२८ मार्च
समिती आली. तीन जण, तीन छत्र्या, तीन स्टॉपवॉच. पंचेचाळीस मिनिटं चौकात उभे होते आणि त्या पंचेचाळीस मिनिटांत कोणीही कोणाला धडकलं नाही. शिस्त असली की सगळं होतं.
ढाल माझी. समारंभ अठरा एप्रिलला. चष्मेवाला अभिनंदन करायला आला, हात ओला होता.
हिला फोन केला. ती वर्गात होती. संध्याकाळी म्हणाली, त्या चौकात आज दोनदा वाचले. मी म्हटलं, ढाल मिळाली. ती म्हणाली, अभिनंदन. मग भांडी घासायला गेली.

१ एप्रिल, मंगळवार
आजच्या तारखेला सिग्नलमध्ये बदल केला तर लोक गंमत समजतील. उद्या.

२ एप्रिल
आकडे अठरा तारखेपर्यंत रोज मुख्यालयात जातात हे लक्षातच नव्हतं. मधेच थांबा वाढला तर समितीचा अपमान होईल. एकोणीसला नक्की. वायरमनला तसं सांगितलं. त्यानं मान हलवली नाही. हल्ली त्याची मान दुखते बहुतेक.

८ एप्रिल, मंगळवार
सकाळी ९.४०. ऑफिसात फोन. चौक सात. टेंपो आणि स्कूटर.
फॉर्म काढून ठेवला. मग फोनवरच्यानं स्कूटरचा नंबर सांगितला.

त्याच दिवशी, सायंकाळी
उजवा गुडघा आणि मांडीचं हाड. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालेल, पण पहिल्यासारखं नाही.
हवालदारानं तिला रस्त्यावरून उचललं, स्वतःच्या हातांनी. मी बाजाराकडून गेलो म्हणून पोचायला उशीर झाला. सवयीनं वळलो. हे कोणाला सांगितलेलं नाही.

९ एप्रिल
शुद्धीवर आहे. मी काही बोलायच्या आत म्हणाली, हिरवा होता हो. लागला तशी निघाले. तुम्ही सांगितलंत तशी.
टेंपोवालाही शेजारच्या खोलीत डोक्याला पट्टी बांधून बसला होता. तो म्हणतो, मी पिवळ्यात शिरलो, अर्ध्यात होतो, एवढ्यात ही बाई समोर. दोघंही खरं बोलत होते. असल्या माणसांचं काय करायचं?
हिला म्हटलं, तू विचार करू नकोस, विश्रांती घे. ती छताकडे बघत होती. कँटीनमध्ये जाऊन दोन चहा घेतले.

१० एप्रिल, गुरुवार
पेटी उघडायला मी स्वतः गेलो. आत दोन सेकंद होतेच. वायरमननं आठ तारखेलाच, अपघातानंतर तासाभरात, न विचारता परत टाकले. मी त्याला झापलं. अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय पेटीला हात लावणं ही शिस्तभंगाची बाब आहे. तो म्हणाला, माझ्यावर कारवाई करा, साहेब, मी सगळं लिहून देतो. त्यावर मी विषय वाढवला नाही. मोठ्या मनानं सोडून दिलं.
दुपारी फॉर्म. चार पर्याय. हवामान म्हणावं तर लख्ख ऊन. बिघाड म्हणावं तर दोन्ही गाड्या नव्या. पायी कोणी नव्हतंच. मी काय करणार, फॉर्मला पाचवा पर्याय नाही.
‘चालकाची घाई’. कोणता चालक? वाहन क्र. १ की क्र. २? टेंपोवाल्याचा वकील आहे. क्र. २ चा वकील मीच म्हणायचा, आणि मी काही स्वतःवर केस करणार नाही. क्र. २ वर खूण केली. कागदच आहे. घरातलं माणूस कागदाचं मनावर घेत नसतं.

१५ एप्रिल
दोन सेकंदांमुळे सरासरी थांबा पुन्हा वर गेला. मोठ्या साहेबांचा फोन, समारंभ तीन दिवसांवर आलाय, हे काय. मी सुवर्णमध्य काढला: एक सेकंद. निम्मी माणुसकी, निम्मं कर्तव्य.
वायरमननं पेटीची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली आणि बदलीचा अर्ज केला. लोकांना यश बघवत नाही.

१८ एप्रिल
ढाल मिळाली. भाषणात म्हटलं, रस्ता सुरक्षा घरापासून सुरू होते. टाळ्या. एका जणानं बायकोची तब्येत विचारली. ढाल दवाखान्यात घेऊन गेलो. ती झोपली होती. किंवा डोळे मिटून होती.

२४ एप्रिल
आज तिला दवाखान्यातून सोडलं. तिचा भाऊ गाडी घेऊन आला. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, त्याचं तळमजल्यावर. कुबड्या घेऊन जिने चढणं शक्यच नाही. तिनंच सुचवलं. सोयीचं आहे.
तिचं सामान भरायला मेहुणा घरी आला, हातात तिनं लिहिलेली यादी. गणिताची पुस्तकं, शिलाई मशीन, आईची पितळी समई, दोन स्वेटर. भर उन्हाळ्यात स्वेटर. बायका सामान नेहमी जास्तच भरतात. मी मशीन खाली उतरवायला मदत केली. मेहुणा ‘भावजी’ म्हणाला नाही, पण वजन फार होतं, दम लागला असेल.
संकल्प: १. रोज संध्याकाळी तिला भेटायला जाणे. २. चालणे. ३. एकाचे दोन सेकंद करणे, फाइल मागवून, रीतसर.

५ मे, सोमवार
पोलिसांनी कागदांची प्रत तिच्याकडे पाठवली. फोन आला. म्हणाली, वाहन क्रमांक दोन म्हणजे मी ना? मी म्हटलं, हो, पण ते तांत्रिक आहे. म्हणाली, सही तुमची आहे. मी म्हटलं, सही हुद्द्याची असते, माणसाची नसते. तिनं विचारलं, कसले दोन सेकंद ते आता सांगाल का. मी सांगितलं. पहिल्यांदाच कोणाला तरी पूर्ण सांगितलं. गणिताची बाई, पटकन समजलं तिला. मधे प्रश्न विचारला नाही.
मग बरं म्हणाली आणि फोन ठेवला. बरं म्हणाली म्हणजे मिटलं.
भेटायला अजून गेलो नाही. तिच्या भावाचं घर चौकापलीकडे आहे.

१२ मे
बढतीचा हुकूम आला. आता सहाही चौक माझ्या हाताखाली. चष्मेवाला मला ‘सर’ म्हणाला.
तिला फोन लावला. मेहुण्यानं उचलला. ताई घरी नाही, सकाळपासून चौकात बाकावर बसली आहे, घड्याळ आणि वही घेऊन. हवालदार तिला पाणी आणून देतो म्हणे.
इतकी वर्षं सांगत होतो, माझ्या कामात थोडा रस घे.

१९ मे, सोमवार
चौक क्रमांक सातबद्दल तक्रार अर्ज आला. सिग्नलच्या सगळ्या तक्रारी आता माझ्याच टेबलावर येतात.
सोबत सहा दिवसांचा तक्ता. एकाचा लाल आणि दुसऱ्याचा हिरवा यातलं अंतर, प्रत्येक फेरीला, रेघा मारून. एक सेकंद, एक सेकंद, एक सेकंद. मध्ये सापडलेल्या गाड्यांची संख्या वेगळी. शाळेच्या उन्हाळी वर्गांसाठी रस्ता ओलांडणारी मुलं वेगळी. एकही बेरीज चुकलेली नाही, मी तपासली. खाली मागणी एकच: दोन सेकंद परत करावेत. माझ्याबद्दल एक अक्षर नाही. सुरुवात ‘महोदय’ अशी.
चांगला अर्ज आहे. खात्यात कोणाला असा लिहिता येत नाही. ‘मंजूर’ लिहिलं, सही केली, पेटीची किल्ली घेऊन गेलो आणि दोन सेकंद टाकले. एकट्यानं. तीन मिनिटांचं काम.
परत येऊन तिला लेखी उत्तर करायला घेतलं. अर्जाच्या शेवटी दोन रकाने असतात, सध्याचा पत्ता आणि कायमचा पत्ता. दोन्हींत भावाचं घर लिहिलं आहे.
दुसरा रकाना चुकून भरला असेल म्हणून पुन्हा वाचला. अक्षर स्वच्छ आहे, खाडाखोड नाही.
नियमानुसार उत्तर कायमच्या पत्त्यावर पाठवायचं असतं.