सोमवारपर्यंत हलू द्यायचं नाही

व्हर्नन,

आज सप्रेम वगैरे काही नाही.

लास वेगास छान आहे, जेवण उत्तम. पत्त्यांच्या टेबलावर जिचा चेहरा कधी हलत नाही ती आपली लोर्ना कोळंबीच्या ताटावर रडायलाच लागली. म्हणाली, "उद्या व्हर्ननचं हृदयाचं ऑपरेशन आहे गं. तुला सोमवारपर्यंत इथून हलू द्यायचं नाही, अशी शपथ घातलीय त्यानं."

एकतीस वर्षं तुझे मोजे धुतले, आणि मला जुगाराच्या मशीनपुढे बसवून तू एकटा दवाखान्यात जाणार? मैत्रिणींबरोबर मजा कर म्हणे. कुत्र्याला कुठे ठेवलंस? की त्यालाही फसवलंस?

मिळेल त्या विमानानं निघतेय. हे कार्ड माझ्यामागून पोचेल. टपालपेटीतून ते तूच काढायचंस, दुसऱ्या कुणी नाही.

तुझीच, काय करणार,
रोवेना