आप्पांच्या मोटारीचा दसरा

माय,

परवा तुझ्या सवतीला बघून आले. तूच तिला सवत म्हणायचीस, म्हणून तोच शब्द लिहिते. शहाद्याजवळ साखर कारखान्याच्या पटांगणात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन होतं आणि माझ्या भावाच्या मुलाने आप्पांची मोटार तिथे मांडली होती. तुझ्या वेळी तो कारखाना नव्हता, नुसती कापसाची शेतं होती. मोटार आता धड चालत नाही. तिला ट्रकवर घालून, दोर बांधून, वर गादी टाकून आणली. मला न्यायला भाच्याने दुसरी गाडी पाठवली, कारण फुई, त्याची आत्या, म्हणजे आता घरातली सगळ्यात जुनी वस्तू, आणि जुन्या वस्तूंच्या प्रदर्शनात ती पाहिजेच. मी सत्तरी ओलांडलेली बाई. जायला नको होतं. पण गेले.

आधी सगळं पटांगण फिरले. मला बहुतेक गाड्या लांबूनच ओळखू येत होत्या. हँडल मारून सुरू करायचा तो लाकडी हौद्याचा ट्रक होता, तुझ्यासमोर कापसाच्या गाठी भरून नंदुरबारच्या स्टेशनाकडे जायचा तसलाच. लढाई संपल्यावर लिलावात निघालेला चपट्या नाकाचा लष्करी ट्रक होता. पाठीला बंब लावलेली, कोळशाच्या गॅसवर चालणारी बस होती, चढ लागला की उतारूंना खाली उतरवून ढकलायला लावायची ती. तीन चाकांचा डुकरतोंड्या टेम्पोही होता. आणि या सगळ्यांचं काय करून ठेवलं होतं! लष्करी ट्रकला गुलाबी रंग फासला होता आणि त्याच्या हौद्यात एक नवरा-नवरी फोटोसाठी एकमेकांच्या गळ्यात पडून उभी होती. बसच्या बंबात प्लॅस्टिकची फुलं खोचली होती. कापसाच्या ट्रकमध्ये अत्तर मारलं होतं, माय, अत्तर! ज्या हौद्यात माणसं सरकीच्या धुळीने खोकून खोकून बेजार व्हायची, तिथे गुलाबाचा वास. लोक नाक आत घालून हुंगत होते आणि वा वा करत होते. त्यांचा राग येऊन उपयोग नाही, त्यांना काय माहीत. पण किळस आली ती आली.

मग आप्पांची मोटार. तीच फिकट हिरवी, लांब नाकाची, दारं उलटी उघडणारी. वळताना इशारा द्यायला दाराच्या खांबातून बाहेर पडणारा तो लाल हातसुद्धा भाच्याने दुरुस्त करून घेतलाय. एक बटण दाबलं की हात बाहेर, परत दाबलं की आत, आणि पोरं खिदळतायत. बंपरच्या नळ्यांवर इतकी चकाकी की डोळे दुखावेत. समोर एक पाटी लावली होती, कॅलेंडरवर असतात तशा वळणदार अक्षरांत: "हिच्या पायगुणाने आमचं घर भरभराटीला आलं." मी ती पाटी दोनदा वाचली. पायगुण म्हणे. घरात आलेल्या सुनेचा असतो तो. तुझ्या पायगुणाचं नाव काढलं का कोणी कधी?

ती आली तो दिवस मला आठवतो. कापसाला बरा भाव आलेलं साल, मी जेमतेम शाळेत जायला लागलेली. सगळं गाव वेशीपर्यंत सामोरं गेलं होतं. तू ओट्यावरून पदर पुढे ओढून तिच्यावरून भाकरतुकडा ओवाळून टाकलास, आणि तिथेच तुझा तिचा संबंध संपला. त्या मोटारीत पुढारी बसले, व्यापारी बसले, जावई बसले, मामलेदार बसले. तू माहेरी गेलीस ती एसटीने. मला आठवतं, शहाद्याच्या स्टँडवर आपण दोघी गाठोडं घेऊन उभ्या, उन्हाने तुझं डोकं चढलेलं, आणि समोरून आप्पा जातात, शेजारी एक कापसाचा व्यापारी. त्यांनी आपल्याला पाहिलं. हात केला. तूही केलास. मी विचारलं, आपण का नाही बसायचं, तर तू म्हणालीस, बाईमाणसं मोटारीत बसली की लोक बघतात. स्टँडवर तर सगळे बघतच होते.

आणि सकाळी तू चुलीपुढे ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी थापतेस, अंगणात आप्पा बादली घेऊन मोटार धुतायत, आणि तू मला कोपराने ढोसून हळूच म्हणतेस, "देख वं, मन्ही सवत आंग धोई ऱ्हायनी. मन्ही पाठले कधी हात लावा नही, इले मात्र चोयी चोयी धोस." आपण दोघी तोंडात पदर कोंबून हसतो. तुला हसू आलं की तुझी भाकरी वाकडी व्हायची. एकदा मात्र तू हसली नाहीस. मी गुपचूप मोटारीत शिरून मागच्या सीटवर बसले होते, आणि तू धावत येऊन मला दंडाला धरून ओढलंस. "उतर खाले. ती आपली जागा नही." मारलं नाहीस, पण तुझा आवाज असा काही होता की मी पुन्हा गेले नाही.

आता ते लिहिते ज्याच्यासाठी हा कागद घेतला. दसऱ्याच्या आदला दिवस होता. तू गरोदर, दिवस भरलेले. आप्पांनी सकाळपासून मोटार धुऊन पुसून ठेवलेली, सीटला नव्या पांढऱ्या खोळी शिवून आणलेल्या, दारापुढे सारवून रांगोळीची जागा केलेली. दुपारी तुला कळा सुरू झाल्या आणि ऊन उतरायच्या आत सुईण बाहेर येऊन अंगणात उभी राहिली. डोक्यावरचा पदर सरकला होता, तोही तिने सावरला नाही. म्हणाली, "आप्पा, मोटार काढा. पोर आडवं शे. शहादाना दवाखानामा न्या. गाडाम्हा पोचाव नही ती."

आप्पा म्हणाले, "सकाय दसरा शे. मोटार धुई-पुशी ठेयेल शे, तिले विटाळ व्हई. बैल जुपा."

एवढंच. ओरडले नाहीत, चिडलेही नाहीत. मिठाचा खडा आण म्हणावं तशा आवाजात. आणि अंगणातल्या कोणालाही ते वावगं वाटलं नाही, याची मला सगळ्यात जास्त शिसारी येते. बाळंतीण म्हणजे विटाळ, दसऱ्याला यंत्राची पूजा, मग मोटार कशी द्यायची? सगळ्यांनी माना डोलावल्या. मी आयुष्यभर यावर मनात भांडत आले. बैलांची नाही का पूजा होत पोळ्याला? त्यांना बरा नाही झाला तुझा विटाळ! आणि पुढे मोठी झाल्यावर, घरचे खर्च-पसारे बघायला लागल्यावर कळलं, विटाळ तोंडात होता. डोळ्यांपुढे त्या पांढऱ्या खोळी होत्या.

गाडीत मी तुझ्याबरोबर होते. काळ्या मातीची वाट, पावसाने पडलेल्या चाकोऱ्या वाळून टणक झालेल्या, प्रत्येक हिसक्याला तू ओठ आत घ्यायचीस. सुईण तुझं पोट धरून बसली होती. तू मला म्हणालीस, "मांगे देख वं, मोटार ई ऱ्हायनी का?" मी मागे पाहिलं. कोणी नव्हतं. थोड्या वेळाने पुन्हा विचारलंस. तुला शेवटपर्यंत वाटत होतं की त्यांचं मन बदलेल. मी दुसऱ्यांदा मागे वळूनही न बघता "नही" म्हटलं, कारण मोटारीचा आवाज मला लांबूनही कळत असे. केळीच्या मळ्याशी सुईणीने गाडी थांबवायला सांगितली. तिथून ती परत वळवली. बाळही गेलं होतं.

आप्पा रडले. ते खोटं नव्हतं. भिंतीला डोकं लावून रडले. दुसऱ्या दिवशी दसरा, पण घराला सुतक. सुतकात कसली पूजा? म्हणजे ज्या पूजेसाठी मोटार राखली, ती पूजा आपल्या घराला करता येतच नव्हती. मला वाटलं, आता तरी आप्पांना कळेल आपण काय केलं. ते उठले, तोंड धुतलं, आणि शेजारच्या माणसाला निरोप धाडला. "वरीसना सण शे. मोटार बिनपूजानी कशी ठेवानी?" तो आला, आपल्या अंगणाबाहेर उभा राहून आधी संकोचला, मग मोटारीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, नारळ फोडला. आप्पा लांबून हात जोडून उभे. तुझी राख अजून तापीकाठी गरम असेल. मी ओट्यावरून बघत होते, आणि खोबऱ्याचा तुकडा कोणीतरी माझ्याही हातावर ठेवला. मी तो तिथेच थुंकून टाकला. अजून नारळ फुटल्याचा आवाज आला की माझ्या तोंडाला पाणी सुटतं, ओकारीच्या आधी सुटतं तसं.

तर परवा भाचा म्हणाला, "फुई, तू मांगे बठ, फोटू काढूत." बसले. फोटो झाले. मग सूत्रसंचालन करणारी पोरगी माईक घेऊन आली आणि भाच्याने लाडाने म्हटलं, "दोन शब्द बोल ना मोटारबद्दल." मी सांगितलं. शाळेतल्या मराठीत, सरळ. म्हटलं, या मोटारीत माझी आई कधी बसली नाही. ती अडली होती, दवाखान्यात न्यायची होती, पण दुसऱ्या दिवशी मोटारीची पूजा होती म्हणून हिला विटाळ नको म्हणाले. बैलगाडीतून नेली. वाटेत गेली. समोर पाटीवर लिहिलंय पायगुणाचं, ते वाचा आणि हेही लक्षात ठेवा.

मला वाटलं, पोचलं. मग ती पोरगी माईक ओढून घेऊन म्हणाली, "किती हृदयस्पर्शी आठवण! आजींसाठी जोरदार टाळ्या!" आणि टाळ्या पडल्या, माय. खऱ्या, मनापासून. एका बाईने डोळे पुसले आणि लगेच मोटारीला टेकून स्वतःचा फोटो काढून घेतला. लाल हात बाहेर पडला, आत गेला.

भाचा माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, "फुई, परीक्षक समोर बठेल व्हतात. हाई बोलानी जागा व्हती का?" मी म्हटलं, "मंग कोठे शे जागा, तू सांग." बक्षीस त्याला मिळालंच, तो चषक मोटारीच्या टपावर ठेवून पुन्हा फोटो झाले. घराशी उतरवताना म्हणाला, "फुई, हाई खरं शे का? माले कोनीच कसं सांगं नही?" मी म्हटलं, विचारलं कोणी? पाटी तो काढणार की नाही, हे मी विचारलं नाही. काढेलही. पोरगा वाईट नाही. आप्पाही वाईट नव्हते, असं सगळे म्हणतात, आणि त्या बोलण्याचाच मला वीट आलाय.

हा कागद तुला कुठे पाठवू? घडी घालून साड्यांखाली ठेवीन आणि मी गेल्यावर सुना रद्दीत घालतील. म्हणून एक जास्तीचं लिहून टाकते, तुझ्याखेरीज कोणाला सांगायचं नाही ते. फोटोसाठी मागे बसवलं तेव्हा मी पाय लांब केले. सीट खूप लांब आहे, माय. तू आडवी सहज मावली असतीस, आणि कडेला मला बसायलाही जागा उरली असती. मऊ आहे, हिसका लागला नसता. भाचा हात पुढे करून उभा होता, आणि मला उतरावंसं वाटत नव्हतं.