एका फटक्यात

अण्णा, काल मी इथल्या नदीवर एक मासा मारला, तुमच्या पद्धतीने, आणि त्यावरून जे झालं ते सांगायला तुमच्याशिवाय कोणी सुचेना. तुम्ही होतात तेव्हा कुठे एवढं बोललो म्हणा.

तुमची नात शाळेत जात नाही. वर्गातल्या मुलींनी तिच्याशी बोलणं टाकलं, डब्याच्या वासावरून काहीबाही झालं, नीट कळलेलंच नाही. आधी रोज सकाळी पोट दुखायचं, मग खोलीचं दार बंद. तिच्या आईला ती हो-नाही एवढं तरी सांगते, तेही जपानीत. माझ्याशी तेवढंही नाही. मी समजावलं, ओरडलो, पुण्याला परत जाऊ म्हटलं. काही उपयोग नाही. शेवटी खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दोन गळ आणून दिले आणि म्हणाले, नदीवर न्या तिला, तिथे बोलावं लागत नाही. आणि ती आली, अण्णा. आता दर शनिवारी इचिकावा नदीच्या काठावर आम्ही दोघं शेजारी बसतो, पाण्याकडे बघत, गप्प. आजोबा जरा पलीकडे बसतात.

मला या सगळ्याचा कंटाळा होता, तुम्हाला ठाऊक आहे. डेपोतून ड्यूटी संपवून आलात की सायकलला डबा अडकवून मला मागे बसवायचात. पावसाळ्यात गढूळ पाण्यात गांडूळ लावून बसायचं, थंडीत डोहावर मरळीची वाट बघायची, उन्हाळ्यात आटलेल्या पात्रात दगड उलटून खेकडे धरायचे. एकदा माझ्या गळाला लागलेला मासा मी वाळूत टाकून नुसता बघत बसलो होतो. तो तडफडतोय आणि मी बघतोय. तुम्ही माझं मानगूट धरलंत. "हाल कशाला करतोस त्याचे? मारायचं तर एका फटक्यात. कळतसुद्धा नाही त्याला. आणि मारलंस तर खायचं." मी पोरीला ही गोष्ट मागे कधीतरी सांगितली होती, ती बोलत होती तेव्हा.

इथे मात्र कोणी मारत नाही. हात ओला करून मासा गळातून सोडवतात आणि परत पाण्यात सोडतात. तुम्ही म्हणाला असतात, मग घरी झोपा की. काल तिच्या गळाला चांगला तळहाताएवढा फुना नावाचा मासा लागला. ती गळ काढायला चाचपडत होती, मासा तोंड वासत होता, आणि माझ्या हाताने दगड कधी उचलला ते मलाच कळलं नाही. एकच फटका. काठावरचे सगळे वळून बघायला लागले. आजोबांनी मान दुसरीकडे वळवली. मी वाकून वाकून सगळ्यांची माफी मागत राहिलो.

पोरगी माशाकडे बघत होती. मग मराठीत म्हणाली, "बाबा, लगेच मेला ना? दुखलं नाही ना त्याला?"

किती महिन्यांनी तिच्या तोंडून बाबा ऐकलं. आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. ज्या आवाजात तिने विचारलं, त्यावरून कळलं की ती माशाचं विचारत नव्हती. तुमचं वाक्य अगदी ओठांवर आलं होतं.

"दुखलं," मी म्हणालो. "खूप दुखलं त्याला."

"अण्णा आजोबा तर म्हणायचे, कळत नाही."

"आजोबांना काय माहीत? ते काय मासा होते?"

मग मी सरळच विचारलं, तुला मरावंसं वाटतं का गं. माशाकडे बघतच म्हणाली, "कधी कधी." आणि रडायला लागली. मी तिला जवळ घेतलं, माझ्या हाताला माशाचं रक्त होतं तसंच. खालच्या मजल्यावरचे आजोबा उठून आले, काही न विचारता ओला रुमाल पुढे केला आणि आमचे गळ गुंडाळायला लागले.

मासा पिशवीत घालून घरी आणला. हळद, चिंच, लसूण, तुम्ही करायचात तसाच केला. चिखलाचा वास आणि नुसते काटे. पण मारला होता, म्हणून खाल्ला, तिनेही खाल्ला. सोमवारी मी आणि तिची आई तिला डॉक्टरांकडे नेतोय. तोपर्यंत मी ऑफिसचा फोन बंद ठेवलाय आणि ती उठली की उठतो.

हे पाठवायचं तरी कुठे. अण्णा, तुमच्या नातीसमोर मी तुम्हाला खोटं पाडलं. तिने परत विचारलं, तर परत पाडेन.