उलट्या बाजूची काजं

३ मार्च, सोमवार

मिळाली डॉक्टरांची तारीख! एकवीस, शुक्रवार, सकाळी साडेअकरा. बटण शाळेतून आला तो चपला दोन दिशांना उडवतच. "आजी गं, मिळाली! हा फोन बघ." बघितला. उलटा धरला होता मी. मग त्यानं सरळ करून दिला आणि हसत सुटला.

बाई वही, तुला नीट सांगायला हवं, नाहीतर म्हणशील म्हातारी भलतीकडूनच निघाली. बटण म्हणजे माझा नातू. सतराचा. जन्मला तेव्हा सगळ्यांनी मुलगी म्हटलं, मीही म्हटलं. चौदाव्या वर्षी स्टुलावर चढून दिवा बदलत होता, तिथूनच म्हणाला, "आजी, मी मुलगा आहे." माझ्याकडे बघावं लागू नये म्हणून वर चढला होता लबाड! मी म्हटलं, "आधी खाली उतर, पडशील." उतरला. मग चहा केला. मग खूप बोललो.

नवीन नाव त्यानं स्वतः निवडलंय, शाळेत तेच चालतं. माझ्याकडे मात्र बटण तो बटणच. दीड वर्षाचा असताना माझ्या डब्यातलं बटण गिळलं होतं. तीन दिवस मी पाळत ठेवून होते. आलं एकदाचं! निळं, चार भोकांचं. अजून आहे माझ्याकडे. धुतलेलं.

तर आता हार्मोनचं इंजेक्शन. दोन वर्षं त्या मनातलं बोलायच्या डॉक्टरीणबाईंकडे जातोय, रक्त तपासून झालं, सगळं ठीक. पण वय अठराच्या आत, म्हणून बापाची सही लागते. जावई पोस्टाची गाडी चालवतात, मोजकं बोलतात. मघाशी माझ्याजवळ येऊन बसले. "आई, मला यातलं काही कळत नाही. त्याला वाढवलंत तुम्ही. तुम्ही हो म्हणा, मी सही करतो."

मी एवढी मोठी कधी झाले?

५ मार्च, बुधवार

हे फक्त तुला. मला ते इंजेक्शन नको आहे.

आवाज जाईल म्हणून. दुसरं काही नाही. मिशा येऊ देत, खांदे रुंद होऊ देत, मला काय त्याचं! पण लेक गेली तेव्हा बटण चार वर्षांचा होता, आणि बाराव्या-तेराव्या वर्षापासून त्याचा आवाज हुबेहूब तिचा झालाय. दारातून ओरडतो, "आजी गंऽऽ, भूक!" तीही अशीच. "आई गंऽऽ, भूक!" मी ओट्यापाशी असते, दाराकडे पाठ. डोळे मिटते. तेवढा एक क्षण लेक घरी आलेली असते.

रोज पावणेसहाला येते माझी लेक. हे कुणाला कसं सांगू?

९ मार्च, रविवार

बटणानं डॉक्टरांना विचारायच्या प्रश्नांची वही केलीय. आज जेवताना वाचून दाखवली. इंजेक्शन दुखतं का. पुरळ येतील का. पुढे कधी मूल हवं झालं तर काय. मध्येच बंद केलं तर काय काय परत येतं आणि काय येत नाही. इथे तो थांबला. पाणी प्यायला.

"टक्कल पडेल का?" हा सातवा प्रश्न.

मी म्हटलं, "त्याला डॉक्टर कशाला? आजोबांचा फोटो बघ. तिसाव्या वर्षी घासलेल्या पातेल्यासारखं डोकं होतं!"

जावई एवढे हसले की ठसका लागला. बटण केसांतून हात फिरवत बसला. "मग राहू दे बाबा," म्हणाला. गंमतीत. पण पुढचे प्रश्न वाचलेच नाहीत. वही मिटली.

१० मार्च, सोमवार

पावणेसहा. आली.

१४ मार्च, शुक्रवार

फार वाईट दिवस. लिहिते म्हणजे उतरेल.

डॉक्टरांकडे जायला बटणासाठी शर्ट शिवत होते. चौकडीचा, हिरवा. कापड बघून हरखला होता. चाळीस वर्षं मी शिवणाच्या कारखान्यात काजं केली. फक्त काजं. दिवसाला दोनशे. आमच्या मुकादमीणबाई म्हणायच्या, तुझ्या काजात बटण झोपी जातं! तर आज सहा काजं केली, हातानं, एकेक टाका मोजून. वाटलं, आता मुकादमीणबाई हव्या होत्या बघायला.

बटणानं अंगावर धरला. काजांवरून बोट फिरवलं.

"आजी, काजं उजवीकडे आहेत."

पुरुषांच्या शर्टाला काजं डावीकडे. बायकांच्या उजवीकडे. कारखान्यात आम्ही बायकांचेच कपडे करायचो गं! हात आपला वळणावर गेला. हेच सांगायचं होतं. पण तो म्हणाला, "तुला नकोय ना हे? खरं सांग." आणि मी काय करावं? भडकले! "एवढे डोळे फोडून शिवलं त्याचं काही नाही, आणि वर मलाच विचारतोस?"

"हे उत्तर नाही, आजी."

शर्ट नीट घडी करून ठेवला आणि गेला खोलीत. आपटला असता तर बरं वाटलं असतं.

हात वळणावर गेला. खरंच का?

१५ मार्च, शनिवार

प्रश्नांची वही ओट्यावर विसरला. मी उघडली. चूक केली, कबूल. पण लिहा-वाचायला त्यानंच शिकवलंय, मग अक्षर दिसलं की मी थांबते थोडीच.

अकरावा प्रश्न. बोट ठेवून ठेवून वाचला. "माझा आवाज आईसारखा आहे. मी ओरडलो की आजी डोळे मिटते. आवाज गेला तर आजीचं काय?"

खाली पेन्सिलीनं, बारीक: "थांबू का अजून?"

म्हणजे पोराला ठाऊक आहे! कधीपासून! मला वाटायचं मी लपवतेय, आणि हा रोज दारातून माझ्यासाठी ओरडतोय.

१६ मार्च, रविवार

सांगितलं. सगळं. जावई भांडी घासत होते, त्यांचीही पाठच होती, नळ मात्र बंद केला त्यांनी.

मी म्हटलं, "मला तुझी आई ऐकू येते, हे खरं. पण ते माझं दुखणं आहे. तू कशाला अंगावर वागवतोस?"

बटण म्हणाला, "मला स्वतःला पण भीती वाटते, आजी. फक्त तुझं नाही. परत नाही येत आवाज. नंतर वाटलं, नको होतं, तर?"

मग मी कात्री काढली. काज कसं कापतात दाखवलं. आधी खडूनं खूण. मग बटण ठेवून मापायचं, एकदा नाही, तीनदा. दोन्ही टोकांना टाचण्या, म्हणजे कात्री पुढे पळत नाही. मग कापायचं. कापलं की कापलं, ते मिटत नाही. चाळीस वर्षांत एकही काज मी न भिता कापलं नाही. "तू दोन वर्षं मापतोयस. अजून मापायचं असेल तर माप, महिना लाव, वर्ष लाव. पण स्वतःच्या अंगावर माप. माझ्या नको."

"आणि चुकलं तर?"

"चुकतं कधी कधी. हे काय, चुकलंय की." आणि तो हिरवा शर्ट मीच चढवला, पातळावर. गुडघ्यापर्यंत आला! बटण हसून हसून जमिनीवर. जावई म्हणाले, "आई, बाहेर जाताना घालू नका हं." घालणार! काजं माझ्या बाजूची आहेत.

नंतर बटण जवळ सरकून म्हणाला, "फोनमध्ये भरून ठेवू का माझा आवाज? तुझ्यासाठी."

फार मोह झाला, वही. फार. पण भरून ठेवलेल्या आवाजाला भूक लागत नाही. नको म्हटलं.

२० मार्च, गुरुवार

दुसरा शर्ट झाला. काजं डावीकडे. कापायच्या आधी मापलं, तीनदा.

बटणाचंही मापून झालंय. "उद्या जायचं, आजी. माझ्यासाठी जायचं." जावयांना मी हो म्हटलं. "बरं," म्हणाले, आणि लगेच पेन चालतंय का बघायला गेले.

पावणेसहाला डोळे मिटले. तिला म्हटलं, ये, बस जरा. बसली नाही. घाईतच असायची ती.

२१ मार्च, शुक्रवार

डॉक्टर पोरसवदाच निघाल्या! बटणानं अकराच्या अकरा प्रश्न विचारले. अकराव्याला त्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "त्याचं उत्तर घरी मिळालंय, पुढे चला."

जावयांनी सही केली. दोनदा गिरवली.

इंजेक्शन मुंगी चावल्यासारखं, म्हणाला. मला तर खूप दुखलं.

२ जून, सोमवार

घसा बसल्यासारखा बोलतो. मध्येच फाटतो. दारातून ओरडणं बंद केलंय त्यानं. गुपचूप येतो, चपला सरळ ठेवतो. घर किती गप्प आहे पावणेसहाला.

तो मात्र आरशासमोर शीळ घालत असतो. त्याच्याकडे बघितलं की पोट भरतं. आणि तरी.

१८ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी फोन आला. अनोळखी नंबर. कुणी बाप्या म्हणतो, "फार भूक लागलीये, काय केलंयस?" मी म्हटलं, "राँग नंबर, भाऊ. ही खानावळ नाही!" आणि ठेवला.

लगेच परत वाजला. पलीकडे नुसतं हसू. हसता हसता रडू. "तू मला ओळखलं नाहीस! मला भाऊ म्हणालीस!" मित्राचा फोन होता, त्याचा बंद पडलेला. मग दम घेतला आणि तशाच जाड्या आवाजात म्हणाला, "मीच, आजी गंऽऽ."

तो "गं" तस्साच ओढला. लेक ओढायची तसा.

डोळे उघडेच होते माझे.