वाऱ्यातून वळणं आणि सिदोनीचे वडील

तीर्थरूप झाकारीमामांस,

एनोकचा मान खाली घालून नमस्कार. तुमचा गुडघा, मामीचा खोकला आणि वाडीतली व्हॅनिला, तिघांचीही खुशाली कळवा. इथे नूमेया शहरात मी धडधाकट आहे. दिवसभर बस हाकतो आणि सुटी झाली की समुद्रात पडतो. (‘पडतो’ हे विचार करून लिहिलं आहे.)

बंदरावर कुणीतरी तुम्हाला सांगितलं की तुमचा भाचा पाण्यावर उडतो. मामा, ते खरं आहे. शिडाच्या बोर्डाखाली आता एक लांब दांडा आणि त्याला पंख लावतात. वेग आला की पाण्यातला तो पंख उचल खातो आणि बोर्ड, शीड आणि भाचा असे सगळे वर! पाण्याची थपथप एकदम बंद होते. खाली एखादं कासव आपल्या कामाला निघालेलं असतं आणि आपण त्याच्या डोक्यावरून काहीही आवाज न करता जात असतो. पहिल्यांदा उचललो गेलो तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी चर्चमध्ये बसल्यासारखा गप्प झालो. (मामी म्हणेल, चर्चमध्ये तरी तू कधी गप्प बसलास?)

अडचण आहे ती वळायची. वाऱ्याच्या तोंडावर सरळ येता येत नाही, नागमोडी यावं लागतं. आणि दर वळणाला बोर्डाचं नाक वाऱ्यातून पलीकडे काढताना आपण डोलकाठीच्या पुढून चटकन दुसऱ्या अंगाला जायचं, तेही पाण्याच्या वर असताना. मला शिकवणारा बर्त्रां किनाऱ्यावरून ओरडायचा, “अरे, पायांकडे काय बघतोस? ते कुठे पळून जात नाहीत!” तेच तर जायचे. पडलो की वारा मला ढकलत ढकलत नेमका खाडीपलीकडच्या वस्तीच्या वाळूत नेऊन सोडायचा. दुसऱ्या कुळाची जमीन, आणि रिवाजाची भेट म्हणून पुढे ठेवायला माझ्या हातात ना कापड, ना तंबाखू! तुम्ही असतात तर लाजेने परत पाण्यात गेला असतात. मी हेल्मेट काढलं, वस्तीतल्या वडीलधाऱ्या अलोईसबाबांच्या पुढ्यात ठेवलं आणि दारात आल्याचे दोन शब्द बोललो. त्यांनी ते गंभीरपणे स्वीकारलं. (म्हणजे ते गेलं.) पुढच्या खेपेपासून मी जॅकेटच्या आत, प्लास्टिकच्या पिशवीत, फुलाफुलांचं कापड घेऊनच निघायला लागलो. बर्त्रां म्हणाला, “तू वळायला चाललायस की पडायची तयारी करून?”

प्रश्नात दम होता, कारण मला आणि बोर्डाला पिकअपमध्ये घालून परत आणायची ती अलोईसबाबांची मुलगी, सिदोनी. रस्ताभर ती मला हसायची आणि मला ते फार आवडायचं. शेवटी धीर करून मी बाबांपुढे विषय काढला. कापडांचा ढीग एवढा झाला होता की त्यांच्या बहिणीने पडदे शिवले होते. बाबा म्हणाले, “वारा आणून टाकतो ते सरपण मी गोळा करतो, जावई नाही. ज्याला परत जाता येत नाही तो इथे आलाय की अडकलाय, हे मला कसं कळणार? आधी माझ्या डोळ्यांसमोर वळून दाखव. मग पोरीचं बोलू.”

शनिवारी सगळी वस्ती वाळूत उभी. सिदोनीही. मी बोर्ड वाऱ्यात घातला, मान वर ठेवली, हात डोलकाठीवर टेकवला आणि पुढून पाऊल टाकलं. शीड क्षणभर रिकामं झालं. मामा, त्या क्षणी काहीच मला धरून नव्हतं, ना वारा, ना पाणी, आणि तरी मी पडलो नाही! बोर्ड जरासा पाण्याला टेकला, शीड दुसऱ्या अंगाला भरलं आणि पुन्हा सगळं वर उचललं गेलं. माझ्यासारख्या बस हाकणाऱ्याला हे कुणी दिलं, असं वाटून अंगावर काटा आला. दुसरं वळण घेतलं, जमलं. तिसरंही जमलं. आनंदाच्या भरात मी वळत वळत थेट माझ्या किनाऱ्याला लागलो.

परत बाबांच्या वाळूत उतरून कापड पुढे ठेवायचं राहिलंच. तिकडे त्यांना मी फक्त खाडीच्या टोकाआड दिसेनासा होताना दिसलो होतो. सिदोनी सगळा किनारा शोधत पिकअप घेऊन आली, तेव्हा मी बर्त्रांला पायांची हालचाल नाचून दाखवत होतो. ती आधी रडली, मग माझ्या अंगावर ओला टॉवेल फेकून म्हणाली, “वळता येतं हे कळलं. आता थांबता येतं का, ते बघू.” एवढं बोलून निघून गेली. तेव्हापासून फोन उचलत नाही.

मामीला सांगा, जेवण वेळेवर होतं.

तुमचाच,
एनोक

ता. क. मागणी मामानेच घालायची असते, हे तुम्हाला मी काय सांगणार? येत्या बोटीने सुरण आणि कापड घेऊन या. बोलायचं तुम्ही, मी मागे मान खाली घालून उभा राहीन.

ता. क. दुसरा. पाकीट बंद करतोय तोच सिदोनी आली. पत्र हिसकावून वाचलं, “कासव बरं आठवलं, वळताना मी मात्र नाही आठवले” म्हणाली आणि पेन मागितलं. पुढचं अक्षर तिचं आहे.

मामा, लवकर या. हा पुन्हा वळायच्या आत. — सिदोनी