बाबांनी रंगवलेले, न पाहिलेले

९ जानेवारी

एकेचाळीस वर्षांत बाबांनी सहाशेच्या वर सिनेमांचे बॅनर रंगवले. त्यातले पाहिले किती? — अकरा! आज जेवताना सहज बोलून गेले आणि माझा घास हातातच राहिला.

"अगं, पाहणार कधी? सिनेमा शुक्रवारी लागायचा. तेव्हा मी पुढच्या शुक्रवारच्या हिरोच्या नाकाला रंग लावत असायचो."

"आणि सुट्टीच्या दिवशी ढाराढूर झोपायचे, ते नाही सांगणार," आई.

आमच्या घरात सिनेमांना नावं नाहीत. बॅनरवर जे मोठं, तेच नाव. 'तीन घोडे'. 'फुटका आरसा'. 'पिवळा कोट'. लहानपणी बाबा शिडीवर आणि मी खाली, हिरॉइनच्या अर्ध्या ओठाशेजारी बसून पाढे पाठ करायची. कंपनीकडून आलेले फोटो, बॅनरवर मोठं करण्यासाठी त्यांवर पेन्सिलीने आखलेल्या चौकटी — सगळं अजून ट्रंकेत आहे.

ठरवलं! ट्रंकेतले सिनेमे एकेक करून बाबांना दाखवायचे. ज्याची सीडी मिळेल त्याचा नंबर आधी. घरातली पहिली पदवीधर म्हणून मिरवते आहे, नोकरीच्या अर्जांना उत्तरं येईपर्यंत निदान एवढं तरी करीन. बाबा म्हणाले, "बीए म्हणेल तसं." पास झाल्यापासून माझं खरं नाव ते विसरलेच आहेत.

१२ जानेवारी

'तीन घोडे'. आवडायचा नाही असं ठरवूनच बसले होते. हिरो तीस माणसं मारतो आणि त्याच्या सदऱ्याचं एक बटणसुद्धा तुटत नाही! पण मध्येच खलनायक एकटा घोड्यावरून जातो — चार मिनिटं, संगीत नाही, संवाद नाही, नुसत्या टापा. त्या चार मिनिटांत तो हरलेला आहे हे कळतं. पुढचा तासभर उगाच.

बाबा: "घोड्याचा पुढचा पाय चुकला होता माझा. पंचवीस वर्षांनी कळलं."

१७ जानेवारी

'फुटका आरसा'. भुताचा. वरच्या मजल्यावरून आत्या आली आणि अख्खा वेळ तोंडावर उशी धरून बसली. "गेली का ती? गेली की सांगा रे!"

माझं मत — भूत दिसेपर्यंत उत्तम, दिसल्यावर हास्यास्पद. भीती ही दाखवायची गोष्टच नाही.

पण खरं लिहायचंय ते बाबांबद्दल. बाई किंचाळत होती, सगळे तिच्याकडे पाहत होते, आणि बाबा शांतपणे म्हणाले, "कडेला खिडकीचा पडदा हलतोय बघ." मी हा सिनेमा दोनदा पाहिलाय. पडदा कधी दिसला नव्हता! मोठमोठे टीकाकार जे शिकवतात ते बाबांना उपजत येतं. मुख्य माणूस सोडून ते कडेकडेचं पाहतात.

२३ जानेवारी

आज ट्रंकेबाहेरचा एक मूकपट. तो ठेंगू विनोदवीर जिन्यावरून पियानो चढवतो तो. आई पदर तोंडात धरून हसत होती. मला वाटतं इतकं हसवणारं बोलपटांना कधीच जमलं नाही. शब्द आले आणि शरीरं आळशी झाली.

शेवटी त्याचा चेहरा पडदाभर येतो. किती वेळ नुसता चेहरा. बाबा पुढे वाकले आणि म्हणाले, "तो हसतोय का रडतोय?"

काय प्रश्न आहे! कॉलेजात तीन वर्षं कोणी असा प्रश्न विचारला नाही. त्या चेहऱ्यातली सगळी गंमत याच प्रश्नात आहे. माणूस कधी शाळेत गेला नाही, पण कलेचं मर्म बरोबर पकडतो. बाबांवर कधीतरी लेख लिहीन. लिहिणारच.

२ फेब्रुवारी

औषधाच्या दुकानदाराने पाटी परत आणून दिली. बॅनर छापून यायला लागल्यापासून बाबा पाट्याच रंगवतात. अक्षरं एकमेकांच्या अंगावर चढलेली. मधलं एक अक्षर नव्हतंच.

"पेंटर, सकाळीच घेतली होती का?" — हसत म्हणाला. बाबाही हसले. ज्यांनी आयुष्यात कधी घेतली नाही, ते "हो, थोडी" म्हणाले!

तो गेल्यावर मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि विचारलं, "बाबा, मी हसतेय का?"

ते मान तिरकी करून माझ्या कानाकडे पाहत राहिले.

मी रडत होते.

५ फेब्रुवारी

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई वयाने माझ्याएवढ्याच वाटल्या. डोळ्याचा आतला मधला भाग खराब झालाय. कडेचं दिसतं, समोरचं जातं. उजवा जवळपास गेलाच, डावा जातोय. बाबांनी सांगितलं, "मधोमध शाई सांडल्यासारखी. ज्याच्याकडे पाहावं त्याच्यावरच सांडते." किती दिवस? "पाच-सहा महिने असतील."

पाच-सहा महिने! आणि आम्ही तिघं एकाच खोलीत जेवतो.

"गेलेलं परत येणार नाही," बाई म्हणाल्या. "डाव्यात तीन इंजेक्शनं देऊ. महिन्याला एक. थांबलं तर थांबलं."

घरी आल्यावर तेवीस तारखेचं पान वाचलं. फाडावंसं वाटलं. फाडणार नाही. मला स्वतःची लाज वाटते आहे, ती इथे राहू दे.

११ फेब्रुवारी

पहिलं इंजेक्शन. बाबा टेबलावरून म्हणाले, "बाई, ब्रश जरा बारीक घ्या." डॉक्टरीणबाई हसल्या. आई बाहेर बाकावर बसून माझ्या ओढणीच्या गाठी मारत होती आणि सोडत होती.

१९ फेब्रुवारी

सिनेमे बंद करायला बाबा तयार नाहीत. आता मी शेजारी बसून चेहरे सांगते. "आता ती त्याच्याकडे बघतेय... रागावलीय... नाही, रागावल्यासारखं करतेय." आत्या वैतागते. "अगं, आकाशवाणी बंद कर! आम्हाला बघू दे!"

आज कोर्टाचा सिनेमा होता. इथे मी जवळजवळ गप्पच बसले, कारण त्यात सगळे सतत बोलतात. असे सिनेमे मला आधी फार थोर वाटायचे — सत्य, न्याय, टेबलावर मूठ. आज वाटलं, हे तर रेडिओवरही चाललं असतं.

आणि परवाचा तो अंतराळाचा, ज्यात दहा मिनिटं कोणी बोलत नाही, मला कंटाळवाणा वाटायचा. तो सांगताना घाम फुटला. काळोख किती काळा आहे हे सांगायला माझ्याकडे शब्दच नव्हते. बाबा म्हणाले, "निळा घातलाय का त्यात थोडा?" घातला होता.

११ मार्च

दुसरं इंजेक्शन.

२० मार्च

पत्र आलं! चित्रपट संग्रहालय. जुने सिनेमे पाहायचे आणि प्रत्येकाची दृश्यवार नोंद लिहायची. एक मे रोजी हजर व्हा. याच कामाला पगार देतात, यावर माझा अजून विश्वास बसत नाही.

इथून रेल्वेने एक दिवस आणि एक रात्र.

मी जेवताना सांगून टाकलं — डॉक्टर "थांबलंय" म्हणाल्या तरच जाईन. नाहीतर नाही. बाबांचा हात ताटाच्या कडेवर थांबला.

"बीए काय माझ्या शेजारी बसून सिनेमे वाचून दाखवायला झालीस?"

"हो."

"मग अडाणीच बरी होतीस!"

एवढ्या मोठ्याने ते माझ्याशी कधी बोलले नव्हते. आई म्हणाली, "दोघंही जेवा आधी."

२९ मार्च

नाच-गाण्यांचा सिनेमा. सत्तर मुली एकाच वेळी पाय उचलतात. तत्त्वाचा विचार केला तर मला असले सिनेमे आवडायला नकोत. पण बाबांना कडेचं दिसतं, आणि या सिनेमात कडेलाही तेवढंच घडतं! दोन तास मला एक शब्द सांगावा लागला नाही. बाबा पायाने ताल धरून होते.

असाच सिनेमा रोज का नसतो.

११ एप्रिल

तिसरं इंजेक्शन, आणि नेमकी मी तापाने झोपलेली. आई गेली बरोबर. परत आले तेव्हा बाबा दारातूनच ओरडले, "थांबलंय! नुसतं थांबलं नाही, जरा मागे सरकलंय!"

"डॉक्टर म्हणाल्या होत्या परत येत नाही."

"त्यांनाच आश्चर्य वाटलं," बाबा म्हणाले. आई पाणी प्यायला आत गेली होती. मी अंथरुणातूनच हाक मारून विचारून घेतलं, तीही "हो" म्हणाली.

ताप उतरल्यासारखा वाटतोय.

१४ एप्रिल

मी आशेवर भरवसा ठेवणारी असले तरी पुरावा मागणारीही आहे. म्हणून आज परीक्षा घेतली. 'पिवळा कोट' — गुप्तहेराचा. मी तोंड मिटून बसले, बाबांनीच सांगायचं.

कोट कसला पिवळा? "हळदीचा नाही. जुन्या कागदाचा." बरोबर!

खुन्याच्या चेहऱ्यावर काय? "डाव्या भुवईत चीर." बरोबर!

बाईच्या कानात? "एकाच कानात मोती. दुसरा पडलाय." बरोबर! मला स्वतःला हे पाहायला सिनेमा थांबवावा लागला.

सिनेमा तसा सुमार. खुनी पहिल्या दहा मिनिटांत ओळखू येतो. पण यापेक्षा आनंदाचा सिनेमा मी पाहिलेला नाही. ज्याला दिसत नाही त्याला चीर कशी दिसेल?

जाणार! मी जाणार!

२९ एप्रिल

निघाले. स्टेशनवर बाबांनी माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. बराच वेळ. अंगठा भुवयांवरून फिरवला, नाकावरून, हनुवटीपर्यंत. मग म्हणाले, "रडू नकोस, रंग उतरेल."

११ मे

संग्रहालयात फिल्मच्या डब्यांच्या भिंती आहेत. खराब झालेल्या रिळांना शिरक्याचा आंबूस वास येतो. माझं टेबल खिडकीजवळ. "मुली, नोंदीत मत लिहायचं नाही, फक्त दिसेल ते लिहायचं," साहेब म्हणाले. मला हे कठीण जाणार असं त्यांना वाटलं. त्यांना काय माहीत, मी हे दोन महिने रोज करत होते.

"बाई खिडकीकडे जाते. थांबते. ओठ चावते." लिहिताना मनातल्या मनात मोठ्याने बोलते.

६ जून

युद्धाचा सिनेमा, फार जुना. त्यातला शत्रूही घरी पत्र लिहितो. इतक्या वर्षांपूर्वी कोणालातरी हे दाखवावंसं वाटलं! आता तसं कोणी दाखवत नाही. मत लिहायला मनाई आहे म्हणून इथे लिहिते — माणसं पुढे जातात यावर माझा विश्वास होता, तो या सिनेमाने थोडा हलवला.

घरच्या जेवणाची आठवण येते असं आईला कळवलेलं नाही.

३ जुलै

साहेबांनी विचारलं — कायम राहणार, की सहा महिन्यांनी परत? कायम राहायचं तर तीन वर्षांचा करार. आठवडाभरात सांगायचंय.

संध्याकाळी घरी फोन केला. बाबाच बोलले, एकदम खुशीत. काल टीव्हीवर 'पुलावरची बाई' लागला होता. त्यांनी रंगवलेला, कामाच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षातला, कधीच न पाहिलेला. "तू नव्हतीस, तरी सगळा पाहिला! एकट्याने! शेवटी ती पुलावर उभी असते ना, वाऱ्यात — काय शाल आहे तिची, बीए! मोरपंखी. काठाला नारिंगी रेघ. आणि चेहरासुद्धा दिसला. अगदी स्वच्छ."

मग आईने फोन घेतला. जेवतेस का, झोपतेस का, एवढंच विचारलं आणि ठेवून दिला.

हा सिनेमा मी पाहिलेला नाही. आमच्याकडे डबा आहे का बघते. बाबांनी पाहिलेलं मला पाहायचंय. या वेळी त्यांनी मला सांगितलं, मी त्यांना नाही!

४ जुलै

करारावर सही केली. तीन वर्षं.

१२ जुलै

'पुलावरची बाई' सापडला. आज पाहिला. पहिल्या चित्रापासून शेवटच्या चित्रापर्यंत काळापांढरा. शाल करडी आहे. मोरपंखी ती एकाच ठिकाणी होती — बाबांच्या बॅनरवर.